बंद स्टॉलमधला आवाज

"मॅडम, आमच्या स्टॉलवर मेलेली बाई बोलून राहिली आहे," अंबरीश म्हणाला आणि त्यानं घाम पुसला.

गुणवंतच्या हातातली जलेबी पोह्यांत पडली. भानुमती वैरागडे बड्या फुहाऱ्याच्या चौकात खासगी तपासाची कामं घेई. गुणवंत तिचा दीर, स्कूटर चालवण्यापुरता मदतनीस. भुताचं नाव काढलं की त्याचा तेवढाही उपयोग उरत नसे.

जबलपूरच्या व्यापार मेळ्यात अंबरीशच्या स्वयंसेवकांचा स्टॉल होता. अंधांना मराठी वाचून दाखवणारा कॉम्प्युटरचा प्रोग्राम ते फुकट वाटत. टाइप केलेलं काहीही तो लतिकाबाईंच्या आवाजात बोलायचा. बाईंनी आवाज देऊन ठेवला होता, आणि मागच्या वर्षी त्या गेल्या.

"सकाळी हॉल रिकामा असतो, सगळे स्टॉल झाकलेले. आणि आमच्या पडद्याआडून ती विचारते, 'अहो, गोळी घेतली का?' शेजारच्या मिक्सरवाल्यानंही ऐकलं. आमच्या मुली पळाल्या. आता विष्णूकाका, म्हणजे बाईंचे यजमान, म्हणतात आवाज काढून टाका. आज दुपारी तसं लिहून देणार आहेत. दुसरा आवाज नाही हो आमच्याजवळ! सगळं बंद पडेल."

स्टॉलवर पियूष बसला होता, जन्मांध, विशीतला. मशीन इतकं भरभर बोलत होतं की गुणवंतला काही म्हणता काही कळेना.

"हे मराठी आहे?"

"आम्हाला असंच लागतं, भैया. सावकाश ऐकत बसलो तर किताब खतम कब होगी?" पियूष वैतागला होता. "पण रोज सकाळी कोणीतरी वेग उतरवून ठेवतं. आवाज मात्र फुल्ल! हेडफोन लावला की कान फाटतात."

"मला काढू नका, असं ती कधी म्हणाली?" भानुमतीनं विचारलं.

"नाही ना," अंबरीश म्हणाला. "गोळी, स्वेटर, जेवण. बस."

त्यानं चहा पुढे केला. "विष्णूकाकांचा आहे. सगळ्यांच्या आधी आणून ठेवतात. रागावले, पण चहा चुकवला नाही."

"वहिनी, हा अंबरीशच," गुणवंत कुजबुजला. "भूत म्हटलं की गर्दी!"

तेवढ्यात विष्णूकाका आले.

"काका, तुम्ही तो आवाज ऐकला?"

"काय?" त्यांनी उजवा कान पुढे केला. "कारखान्यात तोफांच्या चाचणीवर होतो. मोठ्यानं बोला."

भानुमतीनं पुन्हा विचारलं.

"तिचा जीव अडकला आहे इथं. सोडा तिला."

"भीती वाटते?"

"तिची काहून वाटेल?"

भानुमतीनं पडदा ओढून घेतला आणि काकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलू लागली.

"अंबरीशनं किंवा पियूषनं खेळ केला असता तर भूत म्हणालं असतं, मला काढू नका. गर्दीसाठी असतं तर काही भयंकर बोललं असतं. हे तर गोळी विचारतं. वेग उतरवतो कोण? ज्याला बाई जिवंतपणी बोलायच्या तशाच ऐकायच्या आहेत. आवाज वाढवतो तो, ज्याचे कान गेले. आणि सगळ्यांआधी इथं येतो, तो चहा आणणारा."

गुणवंतनं आ वासला. विष्णूकाकांनी मान खाली घातली.

"पोरी घाबरल्या, त्यांची माफी मागतो."

"पण मग आवाज काढायला काहून निघाले?" गुणवंतला राहवलं नाही.

"मी लिहितो तेच बोलते ना ती! गोळी घेतली का, हे मीच लिहितो आणि मीच हो म्हणतो. तिच्या मनचा एक शब्द नाही. रोज येतो, अन् ती रोज नव्यानं मरते. भूत असती तर बरं झालं असतं हो!"

पियूषनं मशीनचा वेग उतरवला, आवाज वाढवला आणि टाइप करू लागला.

"काका, मी पियूष," लतिकाबाई सावकाश म्हणाल्या. "परवा माझी बँकेची परीक्षा आहे. सगळी पुस्तकं काकूंच्या तोंडून ऐकली. गणिताची मात्र फार भीती वाटते."

विष्णूकाका दचकले. मशीनकडे बघतच राहिले.

"हे मी नाही लिहिलं," ते म्हणाले. मग खुर्ची ओढून पियूषच्या शेजारी बसले, आणि उजवा कान पुढे केला.

"अजून लिही, बेटा. बोलू दे तिला."