गलबताची बैठक

बाहत्तर सालच्या वैशाखात, सकाळी न्याहारीच्या वेळेला, भीमाबाई वाकळीत गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून गोरक्ष सुताराच्या छपरात आली. बेलापुरात प्रवरेच्या पात्रात तेव्हा नुसती वाळू उरली होती.

"भाऊजी, यांचं गलबत शाळंत ठेवू म्हनत्यात सुमंत गुरुजी. काचंच्या कपाटात. पर खाली बैठक पायजे. तुमी कराल का?"

गोरक्षनं वाकळ उलगडली आणि त्याच्या पोटात कळ उठली. दोन हात लांबीचं सागवानी गलबत. बोटभर रुंदीच्या फळ्या अशा बसवलेल्या, की सांध्यात नख शिरू नये. भीमाबाईचा नवरा गहिनीनाथ, म्हणजे गोरक्षचा थोरला चुलतभाऊ, मुंबईच्या गोदीत अठरा वर्षं सुतार होता. खोलीवर बसून त्यानं हे घडवलं, छातीचं दुखणं घेऊन गावी आला आणि शिमग्याच्या आधी गेला.

दोघंही गोरक्षच्या बापाच्या हाताखाली शिकले होते. बाप लेकाच्या कामावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "बरं हाय. पर गहिनीचं बघ." मरताना त्यानं आपली पटाशी दिली ती पुतण्याला. पोटच्या पोराला नाही.

"करतो की वहिनी," गोरक्ष म्हणाला. "उद्या सांजंला घेऊन जा."

रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. आता शाळेत येईल तो माणूस कपाटापुढं उभा राहणार, आणि पुन्हा तेच. गहिनीचं बघ. पहाटे त्याचं ठरलं. गलबताच्या तळाचा कणा सुकून कोरडाठाक झाला होता. भोक बारीक पाडायचं आणि स्क्रू जाड घालायचा. कणा मधोमध चिरेल, फळ्या उघडतील. लाकूडच वाळलं होतं, असं सांगितलं की झालं. दुष्काळात कोण शंका घेणार?

सकाळी त्यानं शिसवाची बैठक रंधली, वर दोन खुंट बसवले. दुपारी ऊन वाढलं तसं छपराचं दार ओढून घेतलं. पत्र्याच्या फटींतून उजेडाच्या चार रेघा आत येत होत्या. बाहेर कुत्रंही भुंकत नव्हतं. गलबत वाकळीवर उलटं ठेवून त्यानं कण्यावर गिरमिट टेकवलं आणि फिरवू लागला.

भुसा आधी कोरडा आला. मग ओला आला. गोरक्ष थांबला. भोकात पाणी दिसत होतं. झरा लागावा तसं ते वर आलं, काठोकाठ भरलं आणि फळ्यांवरून ओघळलं. त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. कचकचीत खारट. आणि वास... कुजलेल्या दोरांचा, मासळीचा. समुद्र त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

"कोण हाय?" तो हळूच म्हणाला. कोणी नव्हतं.

त्याला भीती वाटली, पण भीतीपेक्षा राग मोठा होता. मेल्यावरही हा माणूस आपल्या हाताखाली यायला तयार नाही! त्यानं बैठक वर ठेवली, जाड स्क्रू लावला आणि दात आवळून पेचकस फिरवला. एक वेढा. दोन. आता चिरेल... आता...

चिरलं नाही. लोण्यात शिरावा तसा स्क्रू आत गेला. मग तो ओढ घेऊ लागला. गोरक्षनं पेचकस सोडला, तो वाकळीवर पडला. स्क्रू मात्र फिरत राहिला. सावकाश, बेतानं, जाणत्या हातानं फिरवावा तसा. आतून कोणीतरी तो आवळत होतं. माथा लाकडाशी सपाट झाला, तेव्हा थांबला. मग शेजारचा स्क्रू, जो गोरक्षनं अजून हातातही घेतला नव्हता...

गोरक्ष उठून दाराशी जाऊन बसला. पाणी आटेपर्यंत तिथंच बसला.

संध्याकाळी भीमाबाई आणि सुमंत गुरुजी आले. गुरुजींनी गलबत चारी बाजूंनी पाहिलं. ते असं उभं होतं, की वाटावं आत्ता निघेल.

"गोरक्ष, तुझा हात असा आहे हे माहीतच नव्हतं रे! अगदी गहिनीच्या तोडीचं काम."

जन्मभर जे ऐकायला तो आसुसला होता, ते असं आलं.

त्यानंतर त्याचं काम बदलत गेलं. पाट करायला घेतला तर रंधा पाण्यावरून जावा तसा चाले. सांधे दिसेनासे झाले. राहात्याहून, कर्जतहून माणसं येऊ लागली. येणारा म्हणे, "गेलेला मानूसच परत आला जनू." गोरक्ष ऐके आणि आपल्याच हातांकडे बघत राही. कौतुक त्याचं होई आणि पोटात कळही त्याच्याच उठे. कितीदा त्यानं मुद्दाम वाकडी पटाशी मारून पाहिली. हात वाकडे जात नसत.

आषाढातल्या एका दुपारी तो दाराकडे पाठ करून फळी रंधत होता. टँकरवरून पाण्याचा हंडा घेऊन निघालेली भीमाबाई वाटेत थबकली. रंध्याचा आवाज ऐकत बराच वेळ उभी राहिली. मग उंबऱ्याशी आली.

"अवं..."

गोरक्षच्या अंगावर काटा आला. अशी हाक बाई फक्त नवऱ्याला मारते. तो गर्रकन वळला. आता ती चपापेल, जीभ चावेल, भाऊजी म्हणेल, याची तो वाट पाहत राहिला.

भीमाबाई चपापली नाही. सरळ त्याच्या तोंडाकडे पाहत, रोजच्यासारखी म्हणाली, "हात धुवा. कालवन गार व्हतंय."