विहिरीचा कोसाइन

जेवणानंतरच्या तासाला गणित शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तरी त्या दिवशी मांडवगण फराट्याच्या आमच्या कॉलेजात मी भलताच जोशात होतो. फळ्यावर कोसाइनचा आलेख काढला, शिखर दाखवलं, तळ दाखवला, मधली रेषा आखली आणि म्हटलं, "एक लाट पुरी व्हायला लागतो तो काळ म्हणजे आवर्तन. घरी वरखाली होणारं काहीतरी शोधा आणि त्याचं आवर्तन काढून आणा."

इथे आवर्तन म्हणजे कालव्याला पाळीनं सुटणारं पाणी. मी नळाच्या पाण्यावर वाढलेला, माझ्या ते ध्यानातच आलं नाही. निम्मा वर्ग पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याकडे तारखा विचारायला गेला. मला दोन दिवस हसू आवरत नव्हतं.

एकट्या मोनालीनं दोन्ही अर्थ जुळवले. कालवा सुटला की पाझरानं तिच्या घरची विहीर चढायची, बंद झाला की उतरायची. तीन आठवडे रोज पायऱ्या मोजून तिनं वहीत टिंबं दिली होती. शिखर दुसऱ्या पायरीवर, तळ चौदाव्या, म्हणजे शेवटच्या; तिथे नुसता गाळ. मधली रेषा आठवी पायरी, आयाम सहा पायऱ्यांचा, आवर्तन चोवीस दिवसांचं. पोरीचं मला फार कौतुक वाटलं.

"येत्या रविवारी तळ हाय, सर," ती म्हणाली. "पप्पा गाळ काढायला उतरनार हायेत. म्याच सांगितलंय त्यांना."

पण तिची रेघ तळापासून सुरू होत होती. मी खिशातलं लाल पेन काढलं. "कोसाइन शिखरापासून सुरू होतो, बाळ," म्हणत तिच्या रेघेवर उलटी रेघ ओढली. रविवारच्या घरात माझं शिखर आलं आणि तास संपल्याची घंटा झाली. मी पेन उचललं. मोनालीनं वही मिटली.

शनिवारी दाढी करताना आठवलं, की पुढे उणे चिन्ह असलं की कोसाइन तळापासूनच सुरू होतो. पोरगी बरोबर होती आणि मी दीडशहाणा. फार लाज वाटली. रविवारी सकाळी माफी मागायला गाडी काढली.

विहिरीच्या काठावर मोनालीचे आजोबा, तात्याबा, खुशीत बसले होते. "या सर. पायगुन बघा तुमचा."

पाणी दुसऱ्या पायरीवर होतं. कालवा तर कधीचा बंद.

मोनालीचे वडील विनोद सकाळी कोरड्या तळाला उतरले होते. चहाला म्हणून वर आले, तेवढ्यात विहीर भरली. "च्यानं वाचलो, सर," ते हसत म्हणाले. मला हसू आलं नाही.

"एखादा झरा फुटला असेल," मी म्हटलं आणि एक खडा टाकला.

खडा पाण्यावर पडून राहिला. तरंग उठला नाही.

मोनालीनं वही उघडून पुढे धरली. "तुमची रेघ हितंच थांबलीया, सर."

हे सगळं थोतांड आहे, हे दाखवायला मी लाल रेघेच्या टोकावर पेन टेकवलं आणि सावकाश खाली आणलं. खडा बुडाला. तिसरी पायरी उघडी पडली. मग चौथी, पाचवी. चौदाव्या पायरीवर माझा हात थांबला, पाणीही थांबलं.

"झकास," म्हणत विनोदनी पाटी-फावडं उचललं.

"अहो, उतरू नका," मी म्हणेपर्यंत ते निम्म्यात पोचले होते.

"तळ जरा लांबट काढा, सर," तात्याबा म्हणाले. "दोन तास तरी पुरला पायजे."

"कोसाइन तळाला थांबत नसतो, तात्याबा."

"मग प्येन हलवू नगा."

खालून फावड्याचा आवाज येऊ लागला. विनोद गाणं गुणगुणत होते. उन्हानं माझ्या बोटांना घाम सुटला.

मोनाली विहिरीकडे बघत नव्हती. ती पेनाकडे बघत होती.

एक माशी माझ्या मनगटावर बसली.

मी श्वास रोखला.

गाणं थांबलं.

"सर," खालून विनोद म्हणाले, "पानी घोट्याला लागलं."