एक शीट कमी

आधीच सांगून ठेवतो. यातलं एक अक्षरही मी बनवलेलं नाही. बनवायचंच असतं तर स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

माझं नाव आधार बैसाणे. धुळ्याच्या एसटी वर्कशॉपात मेकॅनिक होतो, याच वर्षी रिटायर झालो. मी बोलतोय आणि माझी मुलगी लिहून घेतेय. मधेच ती हात थांबवून माझ्याकडे बघते. बघू दे. अकरा वर्षं हे घरात कुणाला बोललो नव्हतो.

तारीख १८ डिसेंबर १९८८. रविवार. पहाटेचे साडेपाच. जागा, साक्री रोडवरच्या आमच्या कॉलनीतला हापसा.

पण त्या पहाटेच्या आधी कुत्र्याचं सांगायला हवं.

त्याचं नाव कंडक्टर.

हसा, हसा. आम्हीही हसायचो. वर्कशॉपात एका भंगार गाडीखाली सापडला होता, एवढासा. रंग तांबूस, डावा कान फाटका. डब्याच्या पिशवीत घालून मी त्याला घरी आणला. नाव ठेवलं चुडामण नानांनी. नाना म्हणजे शाळेतले रिटायर ड्रिल मास्तर, कॉलनीत सगळ्यांत मोठे. दर रविवारी पहाटे ते आम्हा चौघांना हापशाजवळ गोळा करायचे आणि नकाणे तलावापर्यंत चालवत न्यायचे. मी, मोतीलाल कंपाउंडर, तेलगिरणीतला झुलाल आणि माझ्या शेजारचा नथ्थू टेलर.

आणि कंडक्टर.

तो आम्हाला मोजायचा. खरंच मोजायचा! एकेकाच्या पायाशी नाक लावत फिरायचा. पाचही जण भरले की दोनदा भुंकायचा. भू, भू. एसटीत बसलेल्याला सांगायला नको. एक घंटी म्हणजे गाडी थांबवा, दोन म्हणजे जाऊ द्या. नाना लगेच म्हणायचे, "चला रे, डबल बेल व्हयनी!"

एखादा आला नाही तर हा पठ्ठ्या त्याच्या दारात जाऊन बसायचा. दार नखांनी ओरबाडायचा. झुलाल झोपाळू. त्याच्या दाराचा रंग या कुत्र्याने पार खरवडून काढला होता. झुलालची बायको मला शिव्या द्यायची आणि शिव्या देता देता त्याला शिळी भाकर टाकायची.

एक का उद्योग होता त्याचा? एकदा डेपोतून साक्रीच्या गाडीत चढला, कुसुंब्यापर्यंत फुकट गेला आणि त्याच गाडीने परत आला. तलावावर पाणकोंबडीच्या मागे लागून गाळात रुतला होता. नानांनी धोतर वर खोचलं, गुडघाभर चिखलात उतरले आणि त्याला उचलून बाहेर काढलं. तेव्हापासून तो घरी माझ्या असला तरी रस्त्यात चालायचा नानांच्या डाव्या बाजूनं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर नानांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, चालणं बंद. अंगणातल्या तुळशीपर्यंत गेले तरी भिंत धरून उभे राहायचे.

पहिल्या रविवारी आम्ही चौघंच जमलो. कंडक्टरने मोजलं. पुन्हा मोजलं. मग तो नानांच्या दारात गेला.

दार उघडलं नाही.

त्याने ओरबाडलं. तरी उघडलं नाही. मग त्याने तोंड वर केलं आणि... लांब सूर काढला. तसा आवाज त्याने आधी कधी काढला नव्हता. 

दुसऱ्या दिवशी पहाटे तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

कुत्रं दारात रडलं म्हणजे काय समजतात, ते मी सांगायला नको. नानांच्या बायकोला, झुंबरअक्कांना, धडकीच भरली. एका संध्याकाळी त्या माझ्या घरी आल्या. डोळे सुजलेले.

"आधार, तुन्हं कुत्रं रोज मन्हा दारमा रडस. माले भ्याव वाटस रे. लई जाय त्याले कोठे तरी. तुन्हा पाय पडस."

एवढी मोठी बाई माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरलो.

मी नानांना भेटायला गेलो. ते खाटेवर उशांना टेकून बसले होते. म्हणाले, "रडत नही रे तो. बलावस माले. एक शीट कमी शे ना!"

शीट म्हणजे आमच्या एसटीच्या भाषेत प्रवासी. मी हसलो. हो हो म्हणालो.

आणि ऐका, मला ते माहीत होतं. कुत्रं माझं. त्याचं हगणं-मुतणं माझ्या ओळखीचं. तो कशासाठी ओरडतोय, हे मला नानांनी सांगायच्या आधी माहीत होतं. तरी मनात म्हटलं, नानांना उद्या काही झालं तर सगळी कॉलनी माझ्याकडे बोट दाखवेल. त्या बोटाला मी घाबरलो. बस्, एवढंच.

चहाच्या टपरीवर आम्ही चौघांनी ठरवलं. मोतीलाल म्हणाला, "तापीपार सोड. एवढं पाणी ओलांडलं की कुत्र्याचा माग तुटतो. पण वाट दिसता कामा नये." नथ्थूनं सरकीचं पोतं आणून दिलं. झुलाल नको म्हणाला नाही.

नोव्हेंबरचा शेवटचा मंगळवार. मी कंडक्टरला पोत्यात घातलं. तो स्वतःच आत शिरला हो! त्याला वाटलं खेळ आहे. शिरपूरच्या गाडीत मागच्या सीटखाली पोतं ठेवलं. दीड तास त्याने एकदासुद्धा कुंई केलं नाही. माझा पाय पोत्याला लागला की आतून शेपटी हलायची.

तापीचा पूल ओलांडून सावळद्याला उतरलो. पोतं सोडलं. तो बाहेर आला, अंग झटकलं, माझे पाय हुंगले. मग इकडेतिकडे बघायला लागला. बाकीचे चार कुठे आहेत, म्हणून.

तेवढ्यात धुळ्याकडे जाणारी गाडी आली. मी धावत चढलो.

तो मागे पळाला. जीव तोडून पळाला. पुलाच्या तोंडापर्यंत आला. मी मागच्या काचेतून बघत होतो. तिथे तो थांबला आणि भुंकला.

एकदाच.

एक घंटी. मी एसटीतला माणूस. त्याचा अर्थ मला कळला नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणू? ड्रायव्हर माझ्या ओळखीचा होता. एक शब्द बोललो असतो तर त्याने गाडी उभी केली असती.

मी तोंड फिरवून बसलो.

नानांना सांगितलं, कंडक्टरला मेहुण्याच्या मळ्यात ठेवलाय, शिरपूरला. मोकळी हवा आहे तिथे. नाना मग रोज विचारायचे, "काय म्हणस रे कंडक्टर?"

"मजामा शे नाना. दूध-भाकर खास."

एकदा खोटं बोललं की पुढचं आपोआप सुचतं. मी सांगायचो, त्याने घूस मारली. सांगायचो, बकऱ्यांशी दोस्ती झाली. एकदा तर सांगितलं, मळ्यातल्या मजुरांना मोजतो आणि सगळे आल्याशिवाय मोटर चालू करू देत नाही. नाना एवढे हसले की त्यांना ठसका लागला. अक्कांनी माझ्याकडे बघून हात जोडले. घरी येऊन मला जेवण गेलं नाही.

आता ती पहाट.

थंडी कडाक्याची. धुकं एवढं की हापशाचा दांडाही दिसत नव्हता. आम्ही चौघं जमलो. निघणार तेवढ्यात...

टिक... टिक... टिक...

डांबरी रस्त्यावर नखं वाजतात ना, तसं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.  आवाज जवळ आला. दिसत मात्र काहीच नव्हतं.

"बाप रे..." नथ्थू पुटपुटला. "पायाला काहीतरी लागलं. ओलं."

मग मोतीलालने पाय मागे घेतला. मग झुलालने. झुलाल तर रडायलाच लागला.

मी उभा होतो. आता माझ्याकडे येईल.  पाय जरा पुढे केला...

काहीच नाही.

आवाज माझ्या पुढून गेला आणि नानांच्या घराकडे वळला. दार ओरबाडल्याचा आवाज आला. एकदा. दोनदा.

आणि दार उघडलं.

नाना बाहेर आले. स्वेटर, मफलर, हातात काठी. भिंत धरली नाही की थांबले नाहीत. आमच्याकडे बघून म्हणाले, "चला रे, डबल बेल व्हयनी!"

आम्ही कुणीच भुंकणं ऐकलं नव्हतं.

ते चालायला लागले. झपाझप, दहा वर्षांपूर्वी चालायचे तसे. डावा हात खाली सोडलेला, बोटं हलत होती. गुडघ्याच्या उंचीवर कुणाशी तरी बोलत होते. आम्ही हाका मारल्या. पळत सुटलो. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा, अंगात रग होती. शप्पथ सांगतो, पळूनसुद्धा आम्हाला ते अंतर तुटेना. धुक्यात त्यांची पाठ दिसायची आणि ती नखं ऐकू यायची.

टिक... टिक... टिक...

तलावाची पाळ आली तेव्हा कुठे उजाडायला लागलं होतं. नाना पाळीवर बसले होते, मांडी घालून. मी पहिला पोचलो. त्यांचा चेहरा शांत होता. दमही लागलेला नव्हता. दोन्ही तळहात मांडीवर असे धरलेले, त्यात कुणाचा तरी पंजा घ्यावा तसे.

माझ्याकडे बघून ते म्हणाले, "आधार... तू ते सांगे, मजामा शे. याना पाय देख ना रे. बठ्ठा फाटी गयात."

याचे पाय पार फाटून गेलेत, हे रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मी खाली बघितलं. तिथे काहीच नव्हतं. नानांची मान हळूच बाजूला कलली. मोतीलालने नाडी धरली, मग सोडून दिली.

धोतरावर, मांडीच्या जागी, दोन ओले डाग होते. लालसर. मोतीलालने ते पाहिले, मी पाहिले. अक्कांना दिसू नयेत म्हणून त्याने त्यावर आपला टॉवेल टाकला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. ते तर पडलंच होतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी सावळद्याला गेलो. पुलाजवळच्या चहावाल्याला विचारलं, तांबूस कुत्रं, फाटका कान.

"ते का?" तो म्हणाला. "ते धुळ्याकडे जाणाऱ्या प्रत्येक लाल गाडीमागे पळायचं, पुलाच्या मध्यापर्यंत, आणि परत यायचं. भाकर टाकली तर हुंगायचं नाही. पायाची कातडी निघाली होती बिचाऱ्याची. चौथ्या दिवशी ट्रकखाली आलं. तुमचं होतं का?"

चौथा दिवस म्हणजे डिसेंबरची सुरुवात. त्या रविवारच्या दोन आठवडे आधी.

"नाही," मी म्हणालो.

बघा. तेव्हासुद्धा नाही म्हणालो.

मोतीलाल ९२ साली गेला. त्याच्या बायकोने सांगितलं, पहाटे उठून "आलो आलो" म्हणत दार उघडायला गेला होता. झुलाल ९६ ला. त्याच्या दारावर, खालच्या बाजूला, नव्या रंगावर ओरखडे होते. मी जाऊन बघितले. 

आता मागच्याच महिन्यातलं सांगतो.

मला स्वतःला वर्षभरापासून दम लागतो. पहाटे झोप येत नाही. साडेपाचला मी दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो. दार उघडं. आणि गल्लीच्या टोकाकडून...

टिक... टिक... टिक...

घाबरलो का? खरं सांगू, नाही. डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, आला. इतकं सगळं करूनही आला. मी चप्पल पायात सरकवली.

आवाज माझ्या फाटकापाशी येऊन थांबला.

"कंडक्टर," मी हाक मारली. "अरे, मी रे..."

आत-बाहेर होणारा श्वास मला स्पष्ट ऐकू येत होता. मी पाय पुढे केला, त्या दिवशी केला होता तसा. म्हटलं, नाक लाव. एकदाच लाव. मग हवं तर चाव.

तो उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला.

मग नखं पुन्हा वाजली आणि पुढे गेली, शेजारी, नथ्थूच्या दाराकडे.

सकाळी सात वाजता नथ्थूची सून रडत आली. म्हणाली, "काका, बाबा खुर्चीतच गेले. मफलर बांधून, चप्पल घालून बसले होते."

आमच्या त्या टोळीतला आता मी एकटाच राहिलोय. रोज पहाटे दार उघडं टाकून बसतो. मुलगी ओरडते, थंडी आत येते म्हणून. तिला काय सांगणार? आज हे लिहून घेताना तिला सगळं कळलं. आत्ताच लिहिता लिहिता ती उठली आणि माझी खुर्ची दाराशी ठेवून, दार उघडून आली.