आठव्या फेरीला मेलेली बॅटरी

"बॅटरी मरूच शकत नाही. हा नावाडीच चार्जिंग लावायला विसरला," बोटमालकांनी तिसऱ्यांदा सांगितलं.

निवृत्त शिक्षक असलेले मास्तर गुप्तहेर बाईंच्या वह्या फुकट लिहून देत. मालकांची ही बडबड लिहिताना मात्र त्यांना वीट आला.

परवा विजेवर चालणारी बोट आठव्या फेरीला नदीच्या मधोमध बंद पडली आणि पुलाच्या खांबावर आपटली. एका म्हातारीचा हात मोडला. आज चार वाजता अधिकारी नावाड्याचा परवाना रद्द करणार होते. त्याची थोरली बहीण रडतच बाईंकडे आली होती.

"सहा महिने अभ्यास केलाय मी!" मालक म्हणाले. "शिशाची बॅटरी जड, निम्म्यातच दम टाकते, वर सारखं पाणी पाजा. लिथियमला काही लागत नाही. दोन महिन्यांपूर्वी मेकॅनिककडून तीच बसवून घेतली."

"बॅटरीची पेटी उघडून पाहिलीत?" बाईंनी विचारलं.

"अपघात होताच अधिकाऱ्यांना सांगितलं, पेटी उघडून बघा. पण मी? मी मालक आहे, बाई."

"तेही खरंच," बाई म्हणाल्या. मालकांना तो मान वाटला.

नावाडी खालमानेनं बोलला. "चार्जिंग रोज लावायचो, ताई. पण महिनाभर चार्ज दाखवणारा काटा पहिल्या फेरीपासूनच उतरायचा. मालकांना सांगितलं, तर सगळ्यांसमोर म्हणाले, झोपेत पाहिला असशील."

मेकॅनिक बोटीवरच भेटला. अपघातानंतर दोन दिवस बोट त्याच्याच ताब्यात होती. पेटीत नव्यासारखी लिथियम बॅटरी होती. शेजारी बॅटरीच्या पाण्याची बाटली होती, अर्धी रिकामी, पॅकिंग याच महिन्याचं. मेकॅनिकच्या पँटला मांडीवर बारीक बारीक भोकं पडली होती.

"बसवल्यापासून झाकणाला हात लावला नाही," तो म्हणाला. "उघडायचं काय त्यात?"

मास्तरांनी वहीत सगळं उतरवलं. कळलं काहीच नाही.

चार वाजता कचेरीत सगळ्यांसमोर अधिकाऱ्यांनी परवाना टेबलावर ठेवला. बाई उठल्या.

"लिथियमचा काटा शेवटापर्यंत जवळजवळ तसाच राहतो. पहिल्या फेरीपासून उतरते ती शिशाची. बोटीवर बॅटरी एकच, आणि लिथियमला पाणी लागत नाही. मग या महिन्यात आणलेली अर्धी बाटली प्यायलं कोण? शिशाच्या बॅटरीत ॲसिड असतं, त्यानं कपड्यांना अशी भोकं पडतात. मेकॅनिकसाहेब, लिथियम काढून तुम्ही जुनी शिशाची ठेवलीत. अपघातानंतर घाईघाईनं पुन्हा बदललीत."

"मालकानंच स्वस्तातली घेतली असेल!" मेकॅनिक म्हणाला.

"त्यांनीच अधिकाऱ्यांना पेटी उघडायला लावली. चोर असं करत नाही. एवढा आत्मविश्वास फक्त न बघणाऱ्यालाच असतो."

मालकांचा चेहरा उतरला. मास्तरांना बरं वाटलं.

"पाणी कशाला घातलंत पण?" त्यांना राहवेना. "नसतं घातलं तर सुटला असतात."

मेकॅनिक दुखावल्यासारखा बघत राहिला. "पाणी आटून आतल्या प्लेटा उघड्या पडल्या होत्या हो. वीस वर्षं बॅटऱ्या सांभाळतोय. कोरडी बॅटरी बघवत नाही मला." मग पुटपुटला, "लिथियम मेहुण्याच्या बोटीला दिली होती. महिन्यापुरतीच."

"बॅटरीची दया आली," बाई म्हणाल्या. "या माणसाची रोजीरोटी जात होती, ती मात्र बघवली."

अधिकाऱ्यांनी परवाना नावाड्यापुढे सरकवला. त्यानं तो दोन्ही हातांनी उचलला. दारात उभी असलेली बहीण पदरात तोंड लपवून रडू लागली.

मालकांनी घसा साफ केला. "झालं गेलं विसरून जा. उद्या आठला ये कामावर."

नावाड्यानं परवाना खिशात ठेवला आणि वरचं बटण लावलं.

"बोट चालवेन, मालक. तुमची नाही."