वाईट नाटकाचे उपकार

सोमवारी सकाळी नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेखाली दोन डोकी एकमेकांवर आपटली, आणि आवाज असा झाला की तिसरी घंटा झाली समजून छतातली कबुतरं आपापल्या जागी जाऊन बसली.

"आई गं!"

"सॉरी, सॉरी... लागलं का?"

"लागलं. पण डोक्याला लागलं ते बरं झालं. खुर्चीला लागलं असतं तर दुरुस्त मलाच करावी लागली असती."

ती या नाट्यगृहाच्या खुर्च्यांची मिस्त्री. नऊशे बारा खुर्च्या, हातात वडिलांचा जुना पाना, कानामागे खडूचा तुकडा. सगळे तिला मिस्त्रीबाई म्हणत. वय तिशीच्या पलीकडे. मावशी ऐकत असली तर अलीकडे.

समोर गुडघ्यांवर बसलेला माणूस डोळे बारीक करून तिच्या कानाशी बोलत होता. तिचं तोंड तिथेच असावं असा त्याचा अंदाज होता.

"चष्मा पडलाय माझा. काल, नाटकात."

"कुठल्या खुर्चीवर होतात?"

"तेच दिसत नाहीये. चष्मा नाही ना!"

तिला हसू फुटलं. "तुम्ही नुसते बसा. मी विचारते."

"कोणाला?"

"खुर्च्यांना."

माणूस तोंडाने काहीही म्हणो, बूड खोटं बोलत नाही, असं तिचे वडील म्हणायचे, आणि ते शंभर टक्के खरं होतं. विनोदी नाटक झालं की दुसऱ्या दिवशी खुर्च्यांच्या पाठी ढिल्या मिळत. रडकं झालं तर हातांवरचं कापड दमट. फार विचारांचं झालं तर बैठकीला एकाच बाजूने खड्डा, कारण माणसं तीन तास कुशी बदलत असत. पण दहा दिवसांपूर्वी लागलेल्या नाटकाची तऱ्हाच निराळी. जुनी लोकप्रिय गाणी एका दोऱ्यात ओवायची आणि गाठ मारायची जागा दिसू नये म्हणून मध्ये मध्ये गोष्ट घालायची, असलं ते नाटक. त्याने पहिल्या दिवसापासून सगळ्या खुर्च्यांच्या पुढच्या पायांचे बोल्ट उचकटले होते. लोक पाय आपटत. असे की शेजारच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला समोरच्या तक्त्यावरची अक्षरं नाचताना दिसत, आणि दुकानदार नंबर वाढवून देई.

ती रांगेतून सरकत शेवटच्या खांबाआड पोचली आणि थबकली.

"इथे काल हत्ती बसला होता. दोन्ही बोल्ट अर्धे बाहेर!"

"हत्ती नाही हो... मी."

"तुम्ही? एवढ्याशा देहाने?"

"तिसऱ्या गाण्याला जरा... ठेका धरला असेन."

"याला ठेका नाही म्हणत. याला पाडकाम म्हणतात."

खुर्चीच्या घडीत अडकलेला चष्मा तिने अलगद काढला, रुमालाने पुसला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो लावला, तिच्याकडे पाहिलं — आणि पाहातच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही... मघापासून नुसत्या आवाजाशी बोलत होतो. आवाजाला चेहरा... बरा मिळालाय."

"बरा?"

"घाईत दुसरा शब्द सापडला नाही. खरं तर शब्द हाच माझा धंदा आहे."

तिच्या ओठांवर येत असलेलं हसू तिथेच मोडलं. चष्म्याशिवाय तो कोणीही होता. चष्म्यासकट मात्र तो कालच्या रविवारच्या पेपरातला, चौकटीतला फोटो होता. आणि त्या फोटोखाली छापलं होतं: 'गाणं संपतं, पण तिसऱ्या रांगेतल्या काकूंचं संपत नाही. नाटकाला गोष्ट नाही, ही उणीव त्या एकट्याच भरून काढतात.'

"समीक्षकसाहेब," ती पाना पिशवीत टाकत म्हणाली, "तिसऱ्या रांगेतल्या काकू म्हणजे माझी मावशी."

आणि ती निघून गेली. मागे चष्मा लावलेला माणूस आंधळ्यासारखा उभा राहिला.

मावशीने तिला लहानाचं मोठं केलं होतं, तेही टेलिफोन एक्स्चेंजची नोकरी सांभाळून. एकतीस वर्षं कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि पाठीमागे फेऱ्या मारणाऱ्या सुपरवायझरबाई. ड्यूटीवर गुणगुणायला सक्त मनाई. विश्रांतीच्या खोलीतल्या रेडिओवरची गाणी अर्धीच कानावर पडत, तोवर बोर्डावर जायची वेळ होई. उरलेली अर्धी गाणी मावशीने एकतीस वर्षं घशात साठवली. ती सगळी गाणी या एका नाटकात होती. मावशीने आठ निवृत्त मैत्रिणी गोळा केल्या, तिसरी रांग पकडली आणि दर दुपारच्या खेळाला घसा मोकळा केला. घरी दूध उतू जाताना "गेलं, गेलं" सुद्धा ती सुरात म्हणू लागली होती.

कालपासून मात्र घरात दूध गुपचूप उतू जात होतं.

"मावशी, बुधवारची तिकिटं आणू ना?"

"नको गं. गुडघा दुखतोय."

"तू गुडघ्याने गातेस?"

मावशी हसली नाही. "लोकांना त्रास होतो गं आपला," एवढंच म्हणाली आणि भाजी चिरत बसली. सुरीचासुद्धा आवाज येऊ देत नव्हती. एकतीस वर्षांनी उघडलेलं तोंड एका ओळीने मिटलं होतं.

मंगळवारी सकाळी तो पुन्हा हजर.

"आज काय पडलं?" तिने खुर्चीखालूनच विचारलं.

"मी. तुमच्या नजरेतून."

"ते दुरुस्तीचं काम मी घेत नाही."

"पण माझं ऐकून तर घ्या! नाटक वाईटच आहे. नायक दीपगृहाचा रखवालदार, नायिका दातांची डॉक्टर. भेटतात का? तर पुढचं गाणं चंद्राचं आहे म्हणून! दुसऱ्या अंकात समुद्रात रेल्वे स्टेशन कुठून उगवतं? कारण नंतरचं गाणं आगगाडीचं. याला मी चांगलं कसं म्हणू?"

"नका म्हणू. वाईटच आहे." ती बाहेर आली, गालाला ग्रीस. "पण मग परीक्षण छापून आलं त्याच संध्याकाळी खांबाआड बसून पाय कोणी आपटले?"

"तेच कळत नाहीये... म्हणून कालही आलो होतो."

"माहितीये. ब रांग, चौदा नंबर. सकाळीच आवळली."

तो ओशाळून हसला. हसताना त्याचा चष्मा नाकावरून घसरला, आणि तो सावरून द्यावा असं तिच्या हाताला वाटून गेलं. तिने हाताला खडू धरायला लावला.

"तुमचे हात एक लिहितात आणि पाय दुसरंच. अशा माणसाशी मी काय बोलू?"

"म्हणजे... कधीच नाही?"

"मावशीने गाणं सोडलंय. ती पुन्हा गाऊ लागली की मग बोला. तोवर नाही. आणि त्या खुर्चीवर बसू नका, पॉलिश ओलं आहे."

तो आधीच बसला होता.

बुधवारी तिसऱ्या रांगेतल्या नऊ खुर्च्या रिकाम्या गेल्या. बाकी सगळं नाट्यगृह भरलेलं. पेपर वाचून एकही तिकीट परत आलं नव्हतं. गुरुवारी सकाळी त्या नऊच्या नऊ खुर्च्यांचे बोल्ट घट्ट होते. तिला हात लावावा लागला नाही. इतका हलका दिवस इतका जड कधी गेला नव्हता. आणि कामावर आल्या आल्या आपण सगळ्यात आधी खांबाआडची खुर्ची तपासायला जातो, हेही तिच्या लक्षात आलं. ते तिने कोणाला सांगितलं नाही. स्वतःलाही घाईघाईतच सांगितलं.

शुक्रवारी दुपारी घराची बेल वाजली. दार मावशीने उघडलं.

"कोण पाहिजे?"

"तिसऱ्या रांगेतल्या काकू..."

"त्या गेल्या. रविवारी. पेपरात आलं होतं, वाचलं नाही वाटतं?"

स्वयंपाकघराच्या दाराआड मिस्त्रीबाईने तोंडावर हात दाबला. बाहेर चष्मा पार खाली आलेला.

"मीच लिहिलं होतं ते," तो म्हणाला.

"चेहऱ्यावरून वाटत नाही एवढं वाईट लिहीत असशील. बस. चहा घेशील?"

चहा आला.

"काकू, माफी मागायला आलोय. छापून मागतो, त्याच जागी, त्याच चौकटीत."

"पेपर संध्याकाळपर्यंत रद्दीत जातो रे. मला एवढंच सांग, मी तुझं काय वाकडं केलं होतं?"

त्याने कप बाजूला ठेवला. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला. समोरचं दिसेनासं झालं की बोलणं सोपं जात असावं त्याला.

"माझे वडील फार बोलायचे नाहीत. घरात बोलायचं म्हणजे खर्च, असं वाटायचं त्यांना. पण सकाळी बूट पुसताना शिट्टीवर एक गाणं वाजवायचे. ते गाणं पूर्ण झालं की आज मूड बरा आहे, एवढाच निरोप. ते जाऊन सहा वर्षं झाली. त्या दिवशी तिसरं गाणं लागलं आणि... ते नाटक इतकं पातळ होतं काकू, की त्याच्या आरपार मला आमच्या घराची पायरी दिसली. ते बूट पुसत होते. मला राग आला — इतक्या फालतू नाटकाने मला रडवावं? आणि नेमका त्या वेळी तुमचा आवाज त्या शिट्टीवर चढला. शिट्टी ऐकूच येईना. म्हणून ती ओळ लिहिली."

दाराआड कोणाचातरी पाना जमिनीवर पडला.

मावशी पदराने कपाची कड पुसत राहिली. कप स्वच्छच होता.

"वेडा आहेस," ती शेवटी म्हणाली. "नाटकाला गोष्ट नाही, गोष्ट नाही म्हणून बोंबलतोस. गोष्ट भरगच्च असती तर तुझे वडील बसले असते कुठे? आमचं अख्खं एक्स्चेंज कुठे बसलं असतं? दीपगृहवाल्याचं आणि दातवालीचं काहीही होवो, आम्हाला काय! शेजारच्या बोर्डावरची आमची एक मैत्रीण आता नाही, ती दुसऱ्या गाण्याला येऊन बसते. तुला एकच माणूस भेटला म्हणून तू रडलास, आम्हाला तर ड्यूटीवरची सगळी पाळी भेटते." ती थांबली. "पण शिट्टी ऐकू येत नव्हती तर तू मोठ्याने वाजवायचीस. आमचं तोंड कशाला बंद केलंस?"

"चुकलो."

"चुकलास. उद्या दुपारी ये. मी गाईन असं म्हणत नाही हं... येईन फक्त."

शनिवारी तिसरी रांग भरली. आठ मैत्रिणी, मावशी, समीक्षक — आणि मिस्त्रीबाई. या खुर्च्या तिने आजवर खालूनच पाहिल्या होत्या. दिवे गेल्यावर त्यांत बसणं तिला पहिल्यांदाच घडत होतं. अंधारात त्याच्या बाहीचा स्पर्श तिच्या हाताला होत होता. दोघांनीही हात काढला नाही. मधला दांडा अरुंद होता, असं पुढे दोघांनी सांगितलं.

पहिलं गाणं गेलं, दुसरं गेलं. मावशी ओठ मिटून. मैत्रिणी तिच्याकडे बघून गप्प. तिसरं गाणं सुरू झालं, सगळं सभागृह हललं, आणि मावशी मांडीवरच्या पर्सचा बंद घट्ट धरून बसली. मिस्त्रीबाईने तिच्याकडे पाहिलं. आता नाही तर कधीच नाही...

आणि शेजारून शिट्टी आली.

शिट्टी कसली! किटलीला सर्दी व्हावी तसा आवाज. सूर कुठला, ताल कुठला, कशाचा कशाला पत्ता नाही. पण डोळे मिटून, गाल फुगवून तो वाजवतच राहिला. पुढच्या रांगेतले तीन जण मागे वळले. मावशीने एक ओळ सोसली, दुसरी सोसली.

"अरे वर! वरचा सूर घे, वर!"

तो खाली गेला.

"अरे देवा, असं..." आणि कसं ते दाखवण्यासाठी मावशीने तोंड उघडलं.

मग काय विचारता! आठ जणी तिच्या मागोमाग उठल्या. लाकडी जमीन अशी घुमली की बाहेरच्या चौकात वाहतूक पोलिसाने मिरवणूक आली म्हणून चारही बाजूंची वाहनं थांबवून ठेवली. मिस्त्रीबाईचे डोळे भरून आले. इतकी वर्षं मावशीचे उपकार कसे फेडायचे हे तिला सुचत नव्हतं, आणि आज कोणीतरी बेसूर होऊन तिच्यासाठी ते थोडे फेडले होते.

तो तिच्या कानाशी वाकला. "आता बोलू?"

"बोला!"

तो बरंच काही बोलला. त्या गजरात तिला एक अक्षर ऐकू आलं नाही. पण त्याचा श्वास कानाला लागत होता, आणि तेवढं पुरत होतं.

खेळ सुटल्यावर पायऱ्यांवर बारीक पाऊस भुरभुरत होता. मावशीला अनोळखी बायकांनी घेरलं होतं.

"पुन्हा सांगू?" त्याने विचारलं.

"थोडक्यात सांगा."

"मला तुम्ही आवडता. हे मत... दुसऱ्या आवृत्तीत बदलणार नाही."

ती त्याची बाही धरून त्याला मागच्या दाराने रंगमंचामागे घेऊन गेली. तिथे पोशाखांच्या पेटीवर एक कृश गृहस्थ एकटाच चहात बिस्किट बुडवत बसला होता. तो नाटककार. समीक्षकाला पाहून तो दचकला आणि बिस्किट चहात बुडालं.

"पुन्हा? आता काय राहिलंय लिहायचं?"

"आम्ही आभार मानायला आलोय," ती म्हणाली.

नाटककाराच्या डोळ्यांत आशा चमकली. "गोष्ट आवडली?"

समीक्षकाने तोंड उघडलं. तिने त्याच्या पायावर पाय ठेवला.

"गोष्टीत आमच्यासाठी जागा ठेवलीत, त्याबद्दल."

"जागा?" तो बिचारा गोंधळला. "मी तर ठासून भरली होती हो! ...पण तुम्ही कोण?"

"इथल्या खुर्च्या दुरुस्त करते मी."

"आणि हे तुमच्याबरोबर आहेत?"

शेजारी श्वास रोखला गेलेला तिला ऐकू आला. आयुष्यभर दुसऱ्यांचे निकाल लावणारा तो माणूस आता स्वतःच्या निकालासाठी उभा होता. कान लाल, चष्मा खाली. तिने हात वर केला आणि तो चष्मा अलगद सावरला.

"हो," ती म्हणाली. "आता नेहमीच."

नाटककाराला फारसं कळलं नाही. पण त्याने पुड्यातलं शेवटचं बिस्किट काढलं, दोन तुकडे केले आणि दोघांच्या हातावर एकेक ठेवला. तुकडे काही सारखे झाले नव्हते. मोठा तिच्या वाट्याला आला होता. तो तिने त्याला दिला.