पुरे म्हणेपर्यंत

गोंडाबाईंच्या गावात घरं लाकडी खांबांवर उभी होती आणि अंगणं भिजल्या, भुसभुशीत मातीवर. घरं जागची हलत नसत. अंगणं मात्र खचत राहत. उंबऱ्याखाली हात जाईल एवढी फट पडली की लोक फरशीच्या विटा उचलत, वाळूची भर घालत आणि विटा परत बसवत. हॉलंडच्या त्या कोपऱ्यात याचं कुणाला अप्रूप नव्हतं.

त्यांच्या घरी हे काम नवऱ्याचं, टेउनिसचं. तो गुडघे टेकून खिडकीखालचा हायड्रेंजियाच्या फुलझुडपांचा वाफा वर घ्यायचा आणि आत उभ्या गोंडाबाई उंची न्याहाळायच्या. मनासारखं झालं की बोटातली अंगठी काचेवर वाजवायच्या. तोवर तो थांबत नसे. हिवाळ्यात तो गेला. त्याच्या थडग्यापाशी स्तोत्र गातानाही बाईंच्या मनात येऊन गेलं, देवा, आता वाळू कोण घालणार?

वसंतात वाफा वर आला.

शेजारचा क्राइन कुंपणावर रेलून म्हणाला, "काय शेजारीणबाई, आमच्या कंबरा मोडतायत आणि तुमचं अंगण आपोआप वाढतंय. माणूस ठेवलाय की काय गुपचूप?"

"ठेवला असता तर आधी तुझ्याकडे धाडला असता. तुझ्या दाराला आता शिडी लागते."

हसून त्या आत आल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या. कारण त्यांनी नीट पाहिलं होतं. वाळू वरून ओतलेली नव्हती. प्रत्येक झुडूप मुळांसकट हलकेच उचलून पुन्हा बसवलं होतं. कडेला गुडघ्यांएवढे दोन खळगे होते, त्यांत पाणी साचलेलं.

वाफा वाढत गेला. घराच्या पायाला हवा खेळावी म्हणून ठेवलेल्या जाळ्या बुजल्या, तेव्हा क्राइनची थट्टा थांबली. खालचं लाकूड कुजेल, घर हातचं जाईल, असं तो बजावून गेला. या घरातून आपण शेवटचंच बाहेर पडायचं, एवढीच बाईंची इच्छा उरली होती. त्यांनी फावडं घेतलं, हात भरून येईपर्यंत वाळू उपसली. सकाळी ती आणखी वर होती. रविवारी चर्चमध्ये स्तोत्राचा एकेक सूर सगळे लांबवत होते. बाईंचा दम मध्येच संपला.

आणि एका सकाळी वाळू खिडकीच्या चौकटीला टेकली.

कॉफीची किटली चुलीवर ठेवून त्या काचेपाशी उभ्या राहिल्या. बाहेर कुणी नव्हतं. वारा नव्हता. एक झुडूप हळूच वर सरकलं.

"पुरे रे," त्या थकून म्हणाल्या.

झुडूप थरथरत राहिलं.

मग त्यांनी अंगठी काचेवर वाजवली. टक, टक.

सगळं थांबलं.

केवढं हलकं वाटलं त्यांना. डोळे मिटून त्यांनी देवाचे आभार मानले.

मागे किटली उकळू लागली, आणि त्यांना आठवलं. त्या टकटकीचा अर्थ नुसता 'पुरे' असा कधीच नव्हता. 'पुरे, ये आता आत, कॉफी झालीय.'

मागच्या पायरीवर कुणीतरी लाकडी जोड्यांतली वाळू झटकत होतं. आधी एक जोडा, मग दुसरा. बाईंनी वर्षानुवर्षं बोलून बोलून लावलेल्या सवयीप्रमाणे.

त्या इतक्या दमल्या होत्या, की वळून त्यांनी दुसरा कप काढला.