काचेवरचा रेइंदर

नववर्षाची दुपार. ग्रोनिंगेनच्या प्रयोगशाळेत चिटपाखरू नव्हतं. वोबके तेवढी नियम धाब्यावर बसवून, ओलीबोल, नववर्षाचा तळलेला गोड गोळा, खात सूक्ष्मदर्शकाशी बसली होती. फोनवर रेइंदर, तो त्याच्या बेटाच्या किनाऱ्यावर, नुसत्या चड्डीवर. सालाबादप्रमाणे अख्खं गाव समुद्रात उडी घेणार होतं.

"पाणी पाच अंश! तुझ्या बर्फपेटीपेक्षा गरमच की!"

"दोन मिनिटं, म्हाताऱ्या. डॉक्टरांनी तेवढीच परवानगी दिलीय."

त्याच्या यकृताशी तिची जुनी ओळख. गेल्या हिवाळ्यात ते, एका मृत दात्याचं, अकरा तास बर्फात होतं, म्हणून तीन इस्पितळांनी नाकारलेलं. गारठ्यात पेशींच्या कडेवरची, पित्त बाहेर सोडणारी प्रथिनं आत दडी मारतात. घाईनं ऊब दिली तर परततच नाहीत. वोबकेनं यंत्रावर अंशाअंशानं ऊब दिली, पित्ताचा सोनेरी थेंब पडला, आणि शल्यविशारदांनी ते मरणपंथाला लागलेल्या रेइंदरला बसवलं.

त्यातलाच नखाएवढा तुकडा तिनं फॉर्मॅलिनमध्ये घालून, पेशींच्या कडांवरच्या त्या प्रथिनांना झळकणारा हिरवा रंग देऊन काचेवर बसवला होता. ठार मेलेला. तरी उन्हाळ्यात रेइंदर वाळूत लोळत पडला, त्या दिवशी कडा जरा जास्तच झळकल्या. वोबकेनं सूक्ष्मदर्शकाचा दिवा बदलला. नोव्हेंबरात त्याला हुडहुडी भरली, तेव्हा कडा फिकटल्या. तिनं पुन्हा दिवा बदलला.

आज दिवा नवाकोरा होता.

"बायकोकडे फोन देतो. निघालो!"

किंकाळ्या, हशा, लाटा.

काचेवरची एक कड विझली. मग शेजारची. हिरवे ठिपके पेशींच्या आत सरकत गेले.

"हिस्के, त्याला बाहेर काढ!"

"आलाय गं," रेइंदरची बायको म्हणाली. "ओठ निळे पडलेत. सरळ कढत पाण्याच्या टबात घालते."

"अजिबात नको! घोंगडी गुंडाळ. सूप पाज, घोटाघोटानं."

काचेवर सगळं अंधारलं.

मग एक कड उजळली.

मग दुसरी.

"वाटाण्याचं सूप हाणतोय!" रेइंदर ओरडला. "पुढच्या वर्षी तूही ये, भित्रट कुठली!"

वोबके डोळ्यांत पाणी येईतो हसली. काच उचलून तिनं सवयीनं तिच्यावरची धूळ फुंकली.

"ए," रेइंदर एकदम थबकला. "बरगडीखाली आत्ता फुंकर कोणी मारली?"

दोन बोटांत धरलेली काच खाली कशी ठेवावी, वोबकेला कळेना.